मस्कतहून आलेली जोडी : जुने स्पीकर बदलावेत की ठेवावेत, याचा एक प्रकरण अभ्यास

पुण्यातील सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला, तेव्हा प्रत्येक घरात सामानाची छाननी सुरू झाली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या घरी ती दोन स्पीकरांपाशी येऊन अडली. काकांचे वय ७४. मस्कतमधील नोकरी संपवून १९८३ साली परतताना त्यांनी ही जोडी सोबत आणली होती. प्रत्येक पेटी २५ इंच उंच, १४ इंच रुंद आणि वजनाला सुमारे १९ किलो. आत खालच्या सुरांसाठी १० इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी १ इंची घुमटाकार ट्विटर. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे दोष यायचे आहेत ते कोणा एका कंपनीचे नसून त्या काळातल्या साहित्याचे आहेत.

बंगळुरूला राहणाऱ्या मुलीचे म्हणणे असे की, तात्पुरत्या भाड्याच्या घरातला हॉल जेमतेम १० बाय १३ फुटांचा आहे, तेव्हा ही खोकी नेण्याऐवजी ती ७० हजारांपर्यंतची नवी, आटोपशीर जोडी घेऊन देते. काकूंचे मत एकाच वाक्यात होते : "हॉलमध्ये माणसं बसणार की कपाटं?" काका मात्र दोन्ही बाजूंनी बोलत होते. स्पीकर पूर्वीसारखे वाजत नाहीत हे त्यांना मान्य होते, पण नव्यांचा विषय निघाला की ते उठून गॅलरीत जात. शेवटी निवाडा माझ्याकडे आला, कारण इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर जुनी ध्वनियंत्रे दुरुस्त करण्यात वेळ जातो. अशा माणसाचा कल जुन्याकडे असणार हे उघड आहे, म्हणून मी आधीच सांगून टाकले की, मला जे ऐकू येईल ते तिघांनाही ऐकू आले तरच ते धरायचे.

तक्रार नेमकी काय होती

काकांना खोदून विचारल्यावर दोन गोष्टी हाती लागल्या. उजव्या पेटीतून तबल्याच्या डग्ग्याची घुमक आली की त्यामागून फडफड येई, पतंगाचा फाटका कागद वाऱ्यावर वाजावा तशी. डावीकडून आवाज दबलेला येई. गायकाने तोंडावर मफलर गुंडाळला आहे, असे काकांचे वर्णन होते. या दोन तक्रारींचे मूळ एकच असेल असे घरातल्या सर्वांनी गृहीत धरले होते आणि त्या मुळाला "वय झालं" असे नावही देऊन टाकले होते.

पेटी उघडण्याआधी मी अँप्लिफायरमागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा एकमेकींच्या जागी लावल्या. ही चाचणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे आणि तरीही ती न करता लोक स्पीकर बदलून मोकळे होतात. तारा बदलल्यावर दोष पेटीबरोबर राहिला तर तो पेटीचा; दोषाने बाजू बदलली तर तो अँप्लिफायरचा किंवा त्याच्याही मागचा. येथे फडफड उजव्या पेटीतच राहिली, पण दबलेपणा डाव्या पेटीतून उठून उजव्या पेटीत गेला. म्हणजे निम्मी तक्रार स्पीकरांची नव्हतीच. अँप्लिफायरच्या बॅलन्सच्या बटणात धूळ बसली होती आणि स्पीकर निवडण्याच्या स्विचचे संपर्क काळवंडले होते. काँटॅक्ट क्लीनर मारून दोन्ही बटणे पंचवीस-तीस वेळा फिरवल्यावर मफलर उतरला. त्या दिवशी नवी जोडी घरात आली असती तर तिच्याही एका बाजूला हाच मफलर बसला असता.

पेटी उघडल्यावर

उदबत्तीच्या धुराने तपकिरी पडलेले जाळीचे कापड काढले, तेव्हा फडफडीचे कारण समोर आले. वूफरचा कागदी कोन आणि धातूची चौकट यांना जोडणारी फोमची कडा उजवीकडे वीतभर फाटली होती. डावीकडची धडधाकट दिसत होती. तिला करंगळीने हलकेच स्पर्श केला तर बोटाला ओल्या गुळाच्या भुग्यासारखा चिकट चुरा लागला. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या दमटपणाने रासायनिकदृष्ट्या विघटित होतो. स्पीकर वाजवला काय नि झाकून ठेवला काय, दहा-वीस वर्षांत त्याचा चुरा ठरलेला. मुंबईसारख्या दमट हवेत तो थोडा लवकर, इतकाच फरक. जुने ते सोने ही म्हण निदान या कडेला तरी लावू नये.

आता हिशेब पाहता, १९८३ सालचा फोम आजवर टिकणे शक्यच नव्हते. काका ठामपणे सांगत होते की पेट्या आजवर कोणीही उघडलेल्या नाहीत आणि आतले सगळे "ओरिजिनल" आहे. मी टॉर्च मारून कोनाच्या काठाशी पाहिले, तर कारखान्यातल्या पातळ, एकसारख्या रेषेऐवजी हाताने लावलेल्या पिवळसर गोंदाची थोडी वेडीवाकडी कड दिसत होती. काकूंना आठवले. मुलगी दहावीला होती त्या वर्षी, म्हणजे २००१ साली, स्पीकर रिक्षात घालून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेले होते आणि चार दिवस घरात गाणे नव्हते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या आवाजाला ते "मस्कतचा आवाज" म्हणत होते, त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे बुधवार पेठेत बसवलेल्या फोमवर वाजलेली होती.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाची किल्ली येथे आहे. तोवर प्रश्न असा मांडला जात होता की जुने जसेच्या तसे जपायचे की टाकून द्यायचे. जसेच्या तसे असे काही उरलेच नव्हते. एका अनाम कारागिराने एकदा एक भाग बदलला होता आणि मालकाला तो वीस-बावीस वर्षे कळलाही नव्हता, कारण त्याने कोन, त्याला हलवणारी तारेची कॉईल आणि चुंबक यांना हात लावला नव्हता. त्यामुळे प्रश्न बदलला : या पेटीतले कोणते भाग संपले आहेत, त्यांतले कोणते बदलल्याने आवाजाचा स्वभाव तोच राहतो आणि कोणते बदलल्याने पेटी दुसरीच होते?

याचे उत्तर पेटीच्या रचनेत आहे. या पेट्या पूर्ण बंद, म्हणजे मागे-पुढे भोक नसलेल्या आहेत. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकॉस्टिक रिसर्च कंपनीने या तत्त्वावरची पहिली पेटी बाजारात आणली आणि पुढे कितीतरी कंपन्यांनी तोच मार्ग धरला. कोनाला मागे खेचण्याचे काम ताठ कडेकडून करून घेण्याऐवजी पेटीत कोंडलेल्या हवेकडून करून घ्यायचे, अशी ती युक्ती. कडा मुद्दाम सैल ठेवलेली असते आणि हवा हीच स्प्रिंग असते. म्हणून कडा फाटली की नुसती फडफड होऊन थांबत नाही. हवा निसटते, कोनाला आवर राहत नाही, मोठ्या आवाजात तो मर्यादेबाहेर धावतो आणि कॉईल मागच्या लोखंडावर आपटून निकामी होऊ शकते. त्या संध्याकाळपासून मी स्पीकर वाजवणे बंद करायला लावले. काकांना ते जड गेले, पण सबंध प्रकरणात माझा एवढा एकच सल्ला तातडीचा होता.

मोजमापे

मल्टिमीटरवर दोन्ही वूफर ६.१ आणि ६.२ ओहम दाखवत होते आणि दोन्ही ट्विटर साडेपाच ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरांना हे आकडे शोभणारे आहेत, म्हणजे चारही कॉईल शाबूत. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेला, पुढे सरकले, म्हणजे २००१ च्या दुरुस्तीत जोडणी उलटसुलट झालेली नव्हती. उजव्या कोनाला दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिल्यावर बारीक घासल्याचा आवाज आला. आधार तुटल्याने कोन एका बाजूला ओघळला होता; कायमची इजा नव्हती.

क्रॉसओव्हरची, म्हणजे वूफर आणि ट्विटर यांच्यात सूर वाटून देणाऱ्या सर्किटची, कथा वेगळी निघाली. ट्विटरकडे जाणाऱ्या वाटेवर १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होता. उजवीकडचा १३.४ आणि डावीकडचा ११.९ मायक्रोफॅरड मोजला गेला, शिवाय दोघांचाही अंतर्गत रोध वाढलेला होता. ढोबळ हिशेबाने, ८ ओहमच्या ट्विटरला १० मायक्रोफॅरडमधून सुमारे २,००० हर्ट्झच्या वरचा आवाज मिळायला हवा, १३.४ मायक्रोफॅरडने ती सीमा दीड हजाराच्या खाली येते. बिचाऱ्या ट्विटरला त्याच्या आवाक्याबाहेरचे खालचे सूर पेलावे लागत होते आणि जे वरचे सूर त्याचे हक्काचे, ते वाढलेल्या रोधामुळे मंद होत होते. ही झीज इतकी सावकाश होते की रोज ऐकणाऱ्याला ती कधीच ऐकू येत नाही.

पेटीचा लाकडी भाग हा शेवटचा मुद्दा. वर अक्रोडाचा पातळ पापुद्रा आणि आत भुशाची दाबफळी, अशी ती बांधणी. चाळीस वर्षे लादी पुसताना लागलेल्या पाण्याने दोन्ही पेट्यांचे तळ भिजलेल्या बिस्किटासारखे फुगले होते, पण वूफर ज्या पुढच्या फळीवर बसतो ती कोरडी आणि घट्ट होती. ती फुगली असती तर माझा निवाडा बहुधा उलटा गेला असता.

पहिली तुलना

मुलीने एका मैत्रिणीकडून पंधरा दिवसांसाठी नवी जोडी आणली : साडेसहा इंची वूफर, मागच्या बाजूला हवेचे भोक, उंची जेमतेम १५ इंच. मी आग्रह धरला की दुरुस्तीआधी एकदा आणि दुरुस्तीनंतर एकदा, अशी दोनदा तुलना करायची. पहिल्या वेळी जुन्या पेट्या अगदी हलक्या आवाजात वाजवल्या.

दोन पथ्ये पाळली. पहिले म्हणजे आवाजाची पातळी सारखी करणे, कारण एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी कानाला तोच स्पीकर "चांगला" वाटतो. दुकानात हा खेळ कळत-नकळत नेहमी होतो. सोफ्यावर मोबाइल ठेवून, एकसारखा सळसळता आवाज लावून, दोन्ही जोड्यांची पातळी जुळवली. दुसरे म्हणजे समोर पलंगपोस टांगला, म्हणजे कोणती जोडी वाजते आहे हे काकांना दिसू नये. निवडलेली ध्वनिमुद्रणे त्यांच्या रोजच्या ऐकण्यातली होती : एका ख्यालाची सुरुवात, एक तबला एकलवादन आणि आकाशवाणीच्या बातम्या.

तानपुऱ्याची जवारी ही ट्विटरची खरी परीक्षा असते. जवारी म्हणजे तारेतून उठणाऱ्या वरच्या स्वरांची ती रेशमी झणझण. ट्विटर आळसावला की तानपुरा नुसता हुंकारत राहतो. तसेच डग्ग्याची मींड, म्हणजे तळहात सरकवून घुमक वर चढवणे, ही वूफरची परीक्षा. चढताना घुमकेचा प्रत्येक टप्पा सारख्या वजनाने यावा लागतो. एखाद्या ठिकाणी ती अचानक फुगली तर पेटी किंवा खोली खोटे बोलते आहे असे समजावे. पहिल्या तुलनेत नवी जोडी तिन्ही ठिकाणी सरस ठरली आणि काकांनीही पडद्याआडून तिलाच तीनदा पसंती दिली. पडदा काढल्यावर ते खिन्न झाले. मुलगी वेबसाइट उघडून बसली.

दुरुस्ती

तपकीर गल्लीत चौकशी केली तेव्हा दोन ठिकाणी सांगितले गेले की, "फोम कशाला, कोनच बदलून देतो, स्वस्तात पडेल." या सल्ल्यापासून सावध राहावे. आयता मिळणारा कोन वजनाला आणि ताठपणाला वेगळा असतो. त्याचे वजन थोडे जरी बदलले तरी वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या सरकते, आणि मग पेटी, क्रॉसओव्हर व वूफर यांचे जमलेले गणित मोडते. फोम बदलणे ही दुरुस्ती. अंदाजाने कोन बदलणे म्हणजे नावाची पाटी तशीच ठेवून दुकान दुसऱ्याला देणे. मापाच्या फोमच्या कडा मागवून काम मी घरीच केले.

सर्वांत वेळखाऊ भाग म्हणजे जुना गोंद काढणे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने बोटभर जागा ओली करायची, दोन मिनिटे थांबायचे, मग बोथट सुरीने चुरा खरवडायचा. घाई केली की कागदाची सालपटे निघतात. एका कोनाला पाऊण तास गेला. पुढची पायरी कोन मध्यावर आणण्याची. मधली टोपी पात्याने अलगद कापून, कॉईल आणि मधला खांब यांच्या फटीत चारही बाजूंनी पातळ पट्ट्या खोचल्या. या पट्ट्या काकांच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेतून कापल्या. ती फिल्म या कामाला अगदी योग्य जाडीची असते. नवी कडा आधी कोनाला आणि गोंद सुकल्यावर चौकटीला चिकटवली, एक रात्र तशीच ठेवली आणि सकाळी पट्ट्या काढून कोन दाबून पाहिला. घासण्याचा आवाज गेला होता. रबराची कडा जास्त टिकली असती हे खरे, पण ती जड असते. मूळ रचना फोमची होती म्हणून मी फोमच वापरला आणि दहा-पंधरा वर्षांनी हे काम पुन्हा निघेल, हे घरच्यांना स्पष्ट सांगितले.

कपॅसिटर बदलताना एक फसगत होते आणि माझीही झाली. नवे फिल्म कपॅसिटर दीर्घकाळ टिकतात, पण त्यांचा अंतर्गत रोध नगण्य असतो, तर मूळच्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये तो पहिल्या दिवसापासून थोडा असतोच आणि आराखडा करणाऱ्याने तो धरलेला असतो. परिणामी ट्विटर जरा जास्तच उजळला. काकांची प्रतिक्रिया अचूक होती : "गाणारा पुढे सरकून बसलाय." शिवाय मोजल्यावर उजवा ट्विटर डाव्यापेक्षा सुमारे २ डेसिबल मंद निघाला. हा दोष मला मुळातून घालवता आला नाही. तसाच ट्विटर मिळत नव्हता आणि दोन्ही बाजूंना दुसरे बसवले असते तर ती जोडी वेगळी झाली असती. तेव्हा तडजोड केली : ट्विटरच्या वाटेवर दोन्हीकडे २.२ ओहमचे रेझिस्टर होते, त्यांच्या जागी डावीकडे ३.३ आणि उजवीकडे १ ओहमचा बसवला. दोन्ही बाजू जुळल्या आणि गाणारा आपल्या जागी परत गेला. कागदावर हे देखणे नाही.

तळांचे काम सुताराने केले. फुगलेला भाग तासून, त्यात पातळ इपॉक्सी मुरवून, खाली इंचभर सागवानी पट्टी आणि रबराचे चार पाय बसवले. सर्व मिळून खर्च ७,४०० रुपये झाला. माझी मजुरी त्यात नाही, ती काकूंनी पुरणपोळीच्या रूपात दिली.

दुसरी तुलना आणि निर्णय

पुन्हा पलंगपोस, पुन्हा तीच तीन ध्वनिमुद्रणे. या वेळी डग्ग्याच्या मींडेत जुनी जोडी निर्विवाद पुढे होती. नव्या जोडीच्या मागचे भोक भिंतीपासून अर्ध्या फुटावर असल्याने एका ठिकाणी घुमक फुगत होती. त्या भोकात पायमोजा कोंबल्यावर फरक बराच कमी झाला, हेही नोंदवले पाहिजे. तानपुऱ्यात काकांनी जुनी जोडी निवडली, तर मुलीने नवी. बातम्यांतला शब्द नव्या जोडीवर अधिक स्वच्छ होता, यावर तिघांचे एकमत झाले.

मतभेदाचे कारण शोधण्यासाठी मी एक साधी श्रवण-चाचणी घेतली. १२ हजार हर्ट्झचा सूर मुलीला ऐकू येत होता, काकांना ८ हजारांच्या वर जवळजवळ काहीच नाही. वयानुसार असे होतेच. नव्या जोडीचा मोठा गुण, तिचा वरचा उजेड, ज्याच्यासाठी पैसे खर्च करायचे त्याच्यापर्यंत पोहोचणारच नव्हता. ७० हजारांच्या प्रस्तावावर याहून वजनदार आक्षेप मला सुचला नाही आणि तो मुलीनेच पहिल्यांदा बोलून दाखवला.

उरला प्रश्न जागेचा. येथे पेटी बंद असणे कामी आले, कारण अशी पेटी भिंतीला जवळपास टेकवून ठेवता येते. भाड्याच्या हॉलचा नकाशा काढून पाहिला तेव्हा १४ इंच रुंदीच्या दोन पेट्या टीव्हीच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या आणि काकूंची शिवणाची खुर्चीही बसली. पेट्यांवर कुंड्या ठेवायच्या नाहीत, हे कलम काकांच्या आग्रहाने घातले गेले. मुलीने त्याच बजेटमधून नऊ हजारांचा एक साधा साउंडबार टीव्हीखाली घेतला, म्हणजे बातम्यांचा शब्द स्वच्छ येईल. जुन्या जोडीकडे फक्त गाणे राहिले.

हाच निवाडा प्रत्येक जोडीला लागू होणार नाही. येथे एखादी वूफरची कॉईल तुटलेली असती, किंवा २००१ साली कोनच बदलला गेला असता, किंवा पुढची फळी फुगली असती, तर मी नव्या जोडीच्या बाजूने बोललो असतो, काकांना कितीही वाईट वाटले तरी. त्याचप्रमाणे, पहिल्याच तुलनेवर निर्णय झाला असता तर तो प्रामाणिक दिसूनही चुकीचा ठरला असता, कारण तिथे नव्या स्पीकरची तुलना जुन्या स्पीकरशी झालीच नव्हती, त्याच्या आजारपणाशी झाली होती.

हलवाहलवीच्या दिवशी पेट्या टेम्पोत उभ्याच नेल्या, जाळीच्या बाजूला गादी लावून. त्याच्या आदल्या रात्री मी दोन्ही वूफर शेवटचे काढले आणि आत एकेक चिठ्ठी चिकटवली. त्यावर तारीख, फोमचे माप, कपॅसिटरचे मायक्रोफॅरड आणि गोंदाचा प्रकार लिहिला. कोन मूळचा आहे, बदलू नये, असेही लिहिले. त्याखाली ठळक अक्षरांत : "डावीकडे ३.३ ओहम, उजवीकडे १ ओहम. ही चूक नाही."